ही गाठ नेमकी कुणाची?

सोयाबीन फुलोऱ्यात आलं की एक झाड मुळासकट काढून बघा. ओढून उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्यानं आजूबाजूची माती मोकळी करून उचला. बादलीत हलकं खळबळलं की मुळांवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. एखादी नखानं फोडा. आत गुलाबी-लाल निघाली तर ती कामावर आहे, हवेतला नत्र झाडाला देते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. पांढरी निघाली तर नुसती बसून खाणारी, हिरवट-तपकिरी निघाली तर निवृत्त.

एवढं कुठल्याही कृषी सहायकाला ठाऊक असतं. मला एम.एस्सी.चा विषय मिळाला तो याच्या पुढच्या प्रश्नावर, आणि तो प्रश्न आमच्या सरांनी नाही, लातूरकडच्या एका शेतकऱ्यानं आधी विचारला होता. गावात सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही. आम्ही त्यांच्या वावरात निम्म्या तासांना (पेरणीच्या ओळींना) जिवाणू संवर्धकाची बीजप्रक्रिया करून पेरणी केली होती, निम्मे तास तसेच ठेवले होते. दोन्हीकडची झाडं त्यांनी माझ्यासमोर काढली, मुळं धुतली, गाठी दाखवल्या आणि म्हणाले, "बाई, पाकीट ह्या अंगाला लावलं, त्या अंगाला नाही. गाठी दोन्हीकडं आल्यात. मग तुमचं पाकीट गेलं कुठं?"

प्रश्न सरळ होता. रायझोबियमचं पाकीट २५० ग्रॅमचं; गुळाच्या गार पाण्यात कालवायचं, दहा-बारा किलो बियाण्याला हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. त्यात सोयाबीनचा जिवाणू असतो, ब्रॅडीरायझोबियम, निवडून काढलेला एखादा स्ट्रेन, म्हणजे एकाच जिवाणूतला वेगळा वाण. पण ज्या वावरात वर्षानुवर्षं सोयाबीन झालंय तिथं जुन्या हंगामातल्या गाठी कुजून त्यांतले जिवाणू मातीत मुरलेलेच असतात. पेरलेलं बी मूळ टाकतं तेव्हा त्याच्याशी जुळवून घ्यायला पाकिटातले आणि मातीतले दोघेही उभे. पाकिटातले बियाण्याला चिकटलेल्या जागी भरपूर, पण मूळ खाली-आडवं पसरत जातं आणि तिथं आधीपासून राहणाऱ्यांचं राज्य. गाठीला बाहेरून काही लिहिलेलं नसतं. मायक्रोस्कोपखाली दोघेही छोट्या काड्या. प्लेटवरही दोघांच्या वसाहती तशाच: हळू वाढणाऱ्या, पाच-सात दिवसांनी दिसणाऱ्या, काँगो रेड हा रंग फारसा न शोषणाऱ्या पांढुरक्या टिकल्या. ब्रोमोथायमॉल ब्लू घातलेल्या माध्यमावर दोघेही अल्कली करून निळा रंग आणतात. थोडक्यात, पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या चाचण्यांत दोघांना सारखेच गुण.

सरांनी एक झेरॉक्स हातात ठेवली. विस्कॉन्सिनच्या डेल नोएल आणि विन्स्टन ब्रिल यांचा १९८० सालचा पेपर. तिकडच्या शेतांतल्या गाठींमधून जिवाणू काढायचे, प्रत्येकाची प्रथिनं जेलवर (विजेच्या जोरावर प्रथिनं वेगळी करणाऱ्या गोठलेल्या थरावर) चालवायची, आणि पट्ट्यांच्या नमुन्यावरून कोण कोणापेक्षा वेगळा ते ठरवायचं, ही त्यांची पद्धत. एकाच शेतात किती तऱ्हेतऱ्हेचे मूळ रहिवासी जिवाणू सापडतात हे त्यातून दिसलं. अमेरिकेच्या त्या सोयाबीनपट्ट्यात यूएसडीए १२३ नावाचा एक सेरोगट (प्रतिपिंडांच्या चाचणीत सारखे ठरणाऱ्या जिवाणूंचा गट) मातीत एवढा घट्ट बसलेला की बाहेरून आणलेल्या चांगल्या स्ट्रेनना तो जागा देत नसे, हे दुखणं तिथल्या लोकांना आधीपासून माहीत होतं. म्हणजे आबांचा प्रश्न विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांचाही होताच. मला ते वाचून बरं वाटलं होतं, का ते सांगता येणार नाही.

मूळ कल्पना त्याहूनही जुनी. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात कारेल केर्स्टर्स आणि योझेफ दे लेय यांनी १९७५ मध्ये दाखवलं की जिवाणूची सगळी विद्राव्य प्रथिनं एकत्र चालवून जो पट्ट्यांचा नमुना मिळतो, तो यंत्रानं वाचून आकड्यांत आणता येतो आणि आकड्यांची तुलना करून जिवाणूंचे गट पाडता येतात. पट्ट्या डोळ्यांनी मोजत बसायचं नाही. लेनचा (जेलवर एका नमुन्याच्या पट्ट्यांची जी रांग उमटते तिचा) आलेख घ्यायचा, दोन आलेखांचा सहसंबंध काढायचा. जिवाणूंच्या वर्गीकरणात गेंटचा दबदबा पुढं बरीच वर्षं राहिला तो यामुळेही. दह्यातल्या-आतड्यातल्या लॅक्टोबॅसिलस अॅसिडोफिलसचं उदाहरण शिकवताना मी नेहमी देते. एकाच नावाखाली सहा वेगवेगळ्या प्रजाती नांदत होत्या: अॅसिडोफिलस, क्रिस्पॅटस, अमायलोव्होरस, गॅलिनॅरम, गॅसेरी, जॉन्सोनाय. साखरा आंबवायच्या चाचण्यांत त्या एकमेकींत मिसळून जात. दोन जिवाणूंचे डीएनए एकमेकांशी किती जुळतात ते बघणाऱ्या डीएनए जोडणीवरून गट आधी पडले, आणि प्रथिनांच्या जेलवरही तेच गट उभे राहिले. डीएनए जोडणीचे प्रयोग किचकट आणि महाग. जेल त्या मानानं स्वस्त आणि एका दिवसाचं काम.

एका दिवसाचं काम, हे कागदावर.

प्रथिनं जेलवर चालवायच्या ज्या पद्धतीला आपण रोज एसडीएस-पेज म्हणतो तिची आजची कृती उलरिख लेमली यांची, १९७०ची. एसडीएस हा साबणाचाच भाऊबंद. तो प्रथिनाच्या साखळीला सगळीकडून चिकटतो, एक ग्रॅम प्रथिनाला साधारण १.४ ग्रॅम, आणि साखळी उलगडून तिला ऋणभारानं माखतो. प्रत्येकाचा भार लांबीच्या प्रमाणात झाला की विद्युतक्षेत्रात फरक उरतो तो फक्त आकाराचा. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल गंधकाचे बंध तोडतं. त्याचा वास असा की शेजारच्या फिजिऑलॉजीवाल्यांनी दार लावून घ्यावं. वरचं स्टॅकिंग जेल ६.८ पीएचचं, खालचं ८.८चं, वरच्यात सगळी प्रथिनं दाबून एका रेषेत आणायची, खालच्यात सोडून द्यायची. लहान पुढं पळतात, मोठी मागं अडकतात.

पण ब्रॅडीरायझोबियमला ही कृती माहीत नसते. मॅनिटॉल असलेल्या माध्यमात तो डिंक बनवतो, आणि भरपूर बनवतो. फ्लास्क तिरका केला की द्रव तारेसारखा ओढला जातो. सेंट्रिफ्यूज केल्यावर पेशी तळाशी घट्ट बसायच्या ऐवजी अर्धवट तरंगत राहतात, वरचा द्रव ओतायला गेलं की त्याच्याबरोबर निघून येतात. सलाइननं पुन्हा पुन्हा धुवायचं. डिंक राहिला तर लेन वरपासून खालपर्यंत निळी फरफटत जाते आणि त्यात बँड म्हणून काही ओळखू येत नाही. आमच्या लॅबमधले मामा (अटेंडंट, पण निम्म्या विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकलं त्यांच्या जिवावर पार पडत) एका नजरेत सांगत, "मॅडम, हे नाही बसायचं, अजून एकदा धुवा." त्यांनी मायक्रोबायोलॉजीचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि पेलेटबद्दलचा (तळाशी बसणाऱ्या पेशींच्या गोळ्याबद्दलचा) त्यांचा अंदाज माझ्या अंदाजापेक्षा कायम सरस.

मग जेल ओतायचं. अॅक्रिलामाइडची पावडर मज्जासंस्थेला घातक, म्हणून मास्क आणि हातमोजे. एकदा जेल गोठलं की धोका फारसा उरत नाही. एपीएस आणि टेमेड ही जेल गोठवणारी रसायनं घातल्यावर हात चालवायचा. हवेतला ऑक्सिजन गोठणं अडवतो म्हणून वर ब्युटॅनॉलचा पातळ थर. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या लॅबमध्ये जेल कधी कधी काचांत जाण्याआधी चंचुपात्रातच गोठून बसे. आणि वीज. सॅम्पल निम्म्यात पोचलेलं असताना वीज गेली की पट्ट्या जागच्या जागी पसरायला लागतात. परत आल्यावर रन पूर्ण होतो, पण बँड जाडे आणि धुरकट. भारनियमनाचं वेळापत्रक कमिटीच्या तारखेपेक्षा जास्त पाठ होतं. जेलचा मधला भाग तापला की पट्ट्या मध्ये पुढं, कडांना मागं राहतात. त्याला स्माइल म्हणतात. त्यातलं हसू फोटो काढायच्या दिवशी कळतं.

कूमासी ब्लूनं रंगवून, मेथेनॉल-अॅसेटिक अॅसिडमध्ये रंग उतरवत बसलं की हळूहळू पट्ट्या वर येतात. एका लेनमध्ये तीस-चाळीस मोजता येतात. इथं एक गोष्ट मुलांना वारंवार सांगावी लागते: एक पट्टी म्हणजे एक प्रथिन नव्हे. यूएसडीए ११० या सोयाबीनच्या प्रसिद्ध स्ट्रेनचा जीनोम २००२ मध्ये वाचला गेला, त्यात सुमारे ८,३०० जनुकं निघाली. चाळीस पट्ट्यांत किती प्रथिनं एकमेकांच्या अंगावर बसली असतील याचा हिशेब करा. पॅट्रिक ओफॅरेल यांनी १९७५ मध्ये प्रथिनं आधी भारानुसार आणि मग आकारानुसार अशी दोन दिशांत वेगळी केली, तेव्हा ई. कोलायचे ११०० वेगळे ठिपके त्यांना दिसले. विस्कॉन्सिनच्या त्याच गटानं रायझोबियमवर ही दोन दिशांची पद्धतही वापरून पाहिली होती. पण शेकड्यानं गाठी तपासायच्या तर ती परवडत नाही. एका जेलवर एकच नमुना.

आमच्याकडं पट्ट्यांचा गडदपणा मोजणारं डेन्सिटोमीटर नव्हतं. गेंटवाले आलेखांचा सहसंबंध काढत, आम्ही एक्स-रे बघायच्या जुन्या पेटीवर जेल ठेवून बटर पेपरवर पट्ट्या उतरवत होतो. मग तक्ता: पट्टी आहे तर एक, नाही तर शून्य. दोघांत सामाईक पट्ट्यांची दुप्पट भागिले दोघांच्या एकूण पट्ट्या, इतकं साधं समीकरण. गणित सोपं, भांडण पट्टीवर. ही फिकट रेघ धरायची की नाही? ही त्या लेनमधल्या रेघेच्या समोर आहे की केसभर खाली? मी आणि माझी मैत्रीण एकच जेल वेगवेगळे बसून वाचायचो आणि मग तक्ते जुळवायचो. जिथं जुळत नसत तिथं ती पट्टी दोघींच्या तक्त्यातून बाद. हे माझं मत आज जास्तच पक्कं आहे: जेल एकट्यानं वाचू नये, आणि ज्यानं चालवलंय त्यानं तर मुळीच नाही. त्याला उत्तर हवं असतं.

दुसरी शिस्त आणखी महत्त्वाची. दोन अनोळखी जिवाणूंची तुलना करायच्या आधी एकाच स्ट्रेनचे दोन फ्लास्क लावायचे, दोन वेगळ्या जेलवर चालवायचे आणि ते एकमेकांशी किती जुळतात ते बघायचं. शंभर टक्के कधीच जुळत नाहीत. जो फरक येतो तो तुमच्या हाताचा, माध्यमाचा, विजेचा. त्याच्यापेक्षा मोठा फरक दिसला तरच दोन स्ट्रेन वेगळे म्हणायचं धाडस करायचं. असंख्य प्रबंधांत डेंड्रोग्रॅम (सारखेपणावरून काढलेला वंशवृक्षासारखा आलेख) असतो, सुंदर फांद्यांचा. एकाच स्ट्रेनचे दोन फ्लास्क आपसात किती जुळले, ही एक ओळ मात्र नसते.

कारण प्रथिनांचा नमुना म्हणजे जिवाणू कोण आहे याची नोंद नव्हे, त्या घटकेला तो काय करतो आहे याची नोंद. लग्नाच्या अल्बममधला फोटो आणि रानात निंदताना काढलेला फोटो शेजारी ठेवले तर परका माणूस दोन बायका म्हणेल, तसं. याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा गाठीतच आहे. मी सरांना सुरुवातीला विचारलं होतं की गाठ थेट ठेचून तीच जेलवर का नाही चालवायची, ते प्लेटवर काढणं, आठवडाभर थांबणं कशाला? सरांनी उत्तर दिलं नाही, करून बघ म्हणाले. गाठीतला जिवाणू नत्र बांधत असतो, त्याच्यात ते काम करणाऱ्या नायट्रोजिनेजचे घटक ढीगभर असतात, इतर बरंच काही बंद असतं. वर झाडाची प्रथिनं, लेगहिमोग्लोबिन तर खालच्या टोकाला जाड पट्टी होऊन बसतं. त्याच गाठीतून वेगळा काढून फ्लास्कमध्ये वाढवलेल्या जिवाणूची लेन शेजारी ठेवली तर दोघांचं नातं आहे असं कुणी म्हणणार नाही. म्हणून सगळे नमुने एकाच माध्यमात, एकाच तापमानाला, वाढीच्या एकाच टप्प्यावर काढायचे. तेव्हाच जो फरक उरेल तो स्ट्रेनचा.

तर, आबांच्या वावराचं काय निघालं? पाकीट लावलेल्या तासांतल्या काही गाठींचे नमुने पाकिटातल्या स्ट्रेनशी जुळले, बरेचसे जुळले नाहीत. न लावलेल्या तासांत पाकिटातला नमुना जवळजवळ नाहीच, आणि जे होते ते आपसातही दोन-तीन तऱ्हांचे. म्हणजे त्यांच्या मातीत आधीचीच वस्ती होती, तीही एकजिनसी नव्हती, आणि आमच्या पाहुण्यांना ओसरीवर थोडीशी जागा मिळाली होती. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पुढचा प्रश्न केला, जो माझ्या प्रबंधाच्या परीक्षकांनी केला नाही: "मग ह्यातली जास्त राबती कोण?" ते जेल सांगत नाही. कोण आहे एवढंच जेमतेम सांगतं. राबतं कोण हे बघायला प्रत्येक स्ट्रेन वेगवेगळ्या निर्जंतुक कुंडीत झाडाला लावून, झाडाचा सुका भार आणि नत्र मोजावा लागतो. तो उद्योग वेगळा. ज्या वावरात सोयाबीन पहिल्यांदाच होणार आहे तिथं मात्र पाकीट नक्की लावा, हे मी त्यांच्या जावयाला सांगितलं, कारण त्याचं रान तोवर नुसत्या ज्वारीचं होतं. आणि दुकानात पाकिटं पत्र्याखाली, उन्हात, खतांच्या पोत्यांवर ठेवलेली असतील तर घेऊ नका. आतला जिवाणू उन्हाळ्यातच मेलेला असतो. मग कुठल्याही जेलवर तो दिसणार नाही.

आता मुलं विचारतात, मॅडम, हे सगळं कशाला, सिक्वेन्सिंग करू ना? करा. पण जिवाणूची ओळख पटवायला सहसा वाचतात ते १६एस आरआरएनए जनुक ब्रॅडीरायझोबियमच्या प्रजातींत इतकं सारखं असतं की त्यावरून स्ट्रेन सोडा, कधी कधी प्रजातीही सुटी होत नाही. ज्या यूएसडीए ११०ला सगळे ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम म्हणत आले, तो २०१३ मध्ये डायअॅझोएफिशियन्स या वेगळ्या प्रजातीत गेला, आणि त्यासाठी अनेक जनुकं एकत्र बघावी लागली. जेलनं ज्यांना वेगळं म्हटलं त्यांना १६एस एकच म्हणतं, हे त्यामुळं मला आश्चर्याचं वाटत नाही.

प्रथिनांच्या नमुन्याचा नवा अवतार म्हणजे माल्डी-टॉफ, लेसरनं प्रथिनं उडवून त्यांचं वजन मोजणारं यंत्र. वसाहतीचा ठिपका धातूच्या पट्टीवर, त्यावर मॅट्रिक्सचा (लेसर शोषून घेणाऱ्या रसायनाचा) थेंब, लेसरचा मारा, आणि काही मिनिटांत शिखरांचा आलेख. कोइची तानाका यांना २००२चं नोबेल मिळालं ते मोठे रेणू लेसरनं न मोडता उडवता येतात हे दाखवण्यासाठी. या आलेखात २,००० ते २०,००० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) टापू बघतात, आणि तिथं प्रामुख्यानं रायबोसोमची प्रथिनं दिसतात, कारण ती पेशीत सर्वांत मुबलक. इथंच गंमत आहे. रायबोसोम जिवाणूला फ्लास्कमध्येही लागतो आणि गाठीतही, त्यामुळं हा नमुना परिस्थितीनं फारसा हलत नाही. जिनिव्हा विद्यापीठातल्या मंडळींनी २०१२ मध्ये गाठीतला जिवाणू प्लेटवर न काढता थेट माल्डीवर ओळखून दाखवला. सरांनी मला करून बघ म्हणून सांगितलेलं जे जेलवर फसलं, ते इथं जमलं.

पण स्थिर नमुन्याची किंमतही मोजावी लागते. ज्या प्रथिनांत बदल कमी, त्यांच्यावरून जवळचे नातेवाईक ओळखणं अवघड. दवाखान्यांच्या लॅबमध्ये रोजचा माल्डी ई. कोलाय आणि शिगेला यांच्यात भेद करू शकत नाही, त्यासाठी वेगळ्या चाचण्या लावाव्या लागतात. एक आतड्यात बहुधा निमूट राहणारा, दुसरा रक्ती आवेचा. आणि यंत्र शिखरांची तुलना करतं ती त्याच्या साठ्यातल्या नमुन्यांशी. साठा मुख्यतः रुग्णांमधल्या जंतूंचा. मातीतल्या मंडळींना त्यात कमी जागा, त्यामुळं माझ्या विद्यार्थ्यांनी गाठींतून काढलेल्या जिवाणूंपुढं बऱ्याचदा 'ओळख पटली नाही' असंच येतं. पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेच्या सूक्ष्मजीव संग्रहाकडं पाठवलेल्या कल्चरचं ठीक असतं, तिथली माणसं मातीची आहेत.

म्हणून मी प्रॅक्टिकलला अजून एक जेल चालवायला लावतेच, खर्चाची कुरकुर सहन करून. तोंडी परीक्षेत दोन शेजारच्या लेन दाखवते, अगदी सारख्या दिसणाऱ्या, आणि विचारते, हे दोन एकच आहेत का? बहुतेक जण हो म्हणतात. ज्यानं "मॅडम, एकाच माध्यमात वाढवले होते का, आणि एकाच जेलवर आहेत का" असं उलट विचारलं, त्याला मी पुढचे प्रश्न विचारत नाही. गेल्या बॅचमध्ये अशी एकच मुलगी निघाली. ती म्हणाली, "सारखे दिसतात एवढं लिहीन. एकच आहेत म्हणायला बॉक्स-पीसीआर करते, प्रायमर आलेत का?" बॉक्स-पीसीआर म्हणजे डीएनएच्या पट्ट्यांवरून स्ट्रेन ओळखायची चाचणी, प्रायमर हे तिला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे. ते आलेले नव्हते. ऑर्डर अजून वरच्या सहीसाठी पडून आहे.